केदारनाथला जायचंय ना, मग आधी दोन रात्री वाढवा

गेल्या अंकात शेवटी दोन ओळी टाकल्या होत्या की हिमालयातल्या यात्रेबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, आणि पंधरा दिवसांत इतके प्रश्न आले की निवडतानाच दोन संध्याकाळी गेल्या. बहुतेक केदारनाथचे, काही अमरनाथचे, तीन-चार कैलासचे. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण बऱ्याच जणांनी घरातली आजारपणं मोकळेपणाने लिहिलीत. मी डॉक्टर नाही, बावीस वर्षं डोंगरात फिरणारी बाई आहे, त्यामुळे गोळी किती आणि कधी घ्यायची हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, बाकी जे अनुभवातून आणि वाचून पक्कं माहितीये ते सगळं सांगते.

प्रश्न – वय ६१, पंचवटीत राहतो. निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीबरोबर चौदा वर्षं त्र्यंबक ते पंढरपूर पायी जातोय, गुडघे ठणठणीत आहेत. मे महिन्यात ट्रॅव्हल्सवाल्याबरोबर केदारनाथ ठरलंय. दिवसा हरिद्वार, रात्रभर बस, पहाटे सोनप्रयाग, त्याच दिवशी चढून वर मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन करून खाली. वारकऱ्याला एवढं जमेल ना?

काका, चालणं तुम्हाला जमेलच, आमच्यासारख्या चार जणांना मागे टाकाल. माझी काळजी तुमच्या पायांची नाहीये, उंचीची आहे. नाशिक साधारण ६०० मीटरवर, पंढरपूर त्याहून खाली, म्हणजे अख्खी वारी तुम्ही साताठशे मीटरच्या आतच करता. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर, त्याच्या दुपटीहून जास्त. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत जेमतेम दोन तृतीयांश राहतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढाच कमी मिळतो आणि याची सवय शरीराला व्हायला दिवस लागतात, तास नाही. चौदा वाऱ्यांचं पुण्य आहे, दम आहे, पण शरीराला ते दिवस द्यावेच लागतात, त्यातून कोणीच सुटत नाही.

डोंगरातला साधा नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. तुमच्या प्लॅनमध्ये काय होतंय बघा, हरिद्वार तीनशे मीटरच्या आसपास, रात्रभर वळणांच्या रस्त्यावर बसमध्ये झोप नाही, आणि दुसऱ्या रात्री थेट साडेतीन हजारावर अंथरूण. सगळ्यांनाच त्रास होईल असं नाही, कित्येक जण असेच जाऊन येतात, पण ज्याला होतो त्याला तो रात्री दोन वाजता होतो आणि तेव्हा हाताशी काही नसतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझा मोठा भाऊ तेव्हा ५४ वर्षांचा होता, असाच घाईचा प्लॅन, आणि तो मीच केला होता, सुट्टी चारच दिवस मिळाली म्हणून. संध्याकाळी वर पोचलो, दादाचं डोकं ठणकत होतं, जेवला नाही, रात्री दोनदा उलटी झाली. मी म्हटलं प्रवासाने पित्त झालं असेल. सकाळी देवळाजवळच्या टपरीवर चहा घेतला आणि पैसे द्यायला दादाने खिशात हात घातला, एक नोट काढली, परत ठेवली, दुसरी काढली, तिच्याकडे बघत राहिला, आणि शेवटी चहावाल्याच्या हातात चष्म्याचं घर ठेवलं. ठेवून उठला पण, हिशोब झाल्यासारखा. दोन पावलं टाकली तर पाय दारू प्यायल्यासारखे पडत होते. आणि तरी, हे लिहिताना आजही पोटात कालवतं, मी म्हणाले की रांग पुढे सरकलीय, दर्शन घेऊन मग उतरू. तो चहावाला टपरी सोडून बाहेर आला आणि म्हणाला, दीदी, अभी नीचे ले जाओ, अभी. त्यानेच कंडीवाल्याला, म्हणजे पाठीवरच्या टोपलीत माणूस बसवून नेणाऱ्याला, हाक मारली. देवळातल्या घंटा ऐकू येत होत्या आणि आम्ही पाठ फिरवून खाली निघालो. रामबाड्याच्या आसपास आलो तेव्हा दादाने कंडीतून विचारलं, आपण कुठे चाललोय गं? गौरीकुंडला त्याने स्वतःच्या हाताने खिचडी खाल्ली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की उंचीने मेंदूला सूज यायला लागली होती, अजून काही तास वर थांबला असता तर काय झालं असतं ते मी इथे लिहित नाही.

म्हणून काका, ट्रॅव्हल्सवाल्याला सांगून निदान दोन रात्री वाढवून घ्या. एक रात्र गुप्तकाशी किंवा उखीमठला, आणि जमलं तर एक चोपत्याला, ते साधारण २,७०० मीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी तिथून साडेतीन-चार किलोमीटर चढून तुंगनाथचं दर्शन घ्यायचं, तेही पंचकेदारातलंच, म्हणजे केदारनाथ धरून शंकराच्या पाच देवळांपैकी एक, ३,६८० मीटरवर, आणि झोपायला परत खाली यायचं. उंचावर जाऊन यायचं आणि खाली झोपायचं, याने शरीर फार छान तयार होतं. मग सोनप्रयाग-गौरीकुंड, आणि चढाईत लिंचोलीला तंबू मिळाला तर तिथे थांबून दुसऱ्या दिवशी सकाळी वर. उत्तराखंड सरकारच्या आरोग्य सूचनेतही यात्रेसाठी कमीत कमी सात दिवस ठेवा असंच सांगितलंय. ट्रॅव्हल्सवाला ऐकत नसेल तर तुमच्यासारखे दहा वारकरी जमवा आणि स्वतःची गाडी करा, दिंडी चालवणाऱ्यांना हे काय अवघड आहे. आणि चारधामचं सरकारी रजिस्ट्रेशन आधी करून घ्या, ते सक्तीचं आहे.

प्रश्न – मी २४ वर्षांचा, सिडको. रोज जिम, हरिहर-साल्हेर करून झालेत. मित्र म्हणतायत केदारनाथ एका दिवसात वर-खाली करू, रील पण मस्त होईल. डायमॉक्स घेतली की उंचीचा त्रास होत नाही ना?

जिमचा आणि उंचीच्या त्रासाचा काही संबंध नाही, हे आधी लक्षात घे. फिट मुलांना त्रास होतो तो बऱ्याचदा याचसाठी की ते भरभर चढतात आणि डोकं दुखलं तरी मित्रांसमोर बोलत नाहीत. गौरीकुंडपासून जायचे १६ किलोमीटर, यायचे १६, आणि १,६०० मीटरची चढाई. पायांनी ते होईल रे, पण उतरताना अंधार, दमलेलं शरीर, ओली फरशी आणि समोरून येणारी खेचरं, पाय मुरगळतात ते तिथेच.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, शरीराला उंचीची सवय लवकर लावायला मदत करते, सवयीच्या जागी ती चालत नाही. साधारण चढायच्या आदल्या दिवशी सुरू करतात, बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्याने डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय अजिबात घ्यायची नाही. मित्राच्या स्ट्रिपमधून तर नाहीच नाही.

तुझ्या ग्रुपमध्ये तू एक काम अंगावर घे, बाकीच्यांवर लक्ष ठेवायचं. डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा नको इतका थकवा आहे, तर तो उंचीचाच त्रास धरायचा आणि तिथून वर जायचं नाही. थांबून बरं वाटलं तर ठीक, नाहीतर खाली. आणि चालताना तोल जातोय, बोलणं असंबद्ध येतंय किंवा बसल्या जागी धाप लागतेय, खोकला सुटलाय, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी माणूस खाली न्यायचा, एकट्याला पाठवायचं नाही. एक सोपी परीक्षा आहे, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या पंज्याला लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांग, नाही जमलं तर चर्चा बंद. रस्त्यात मेडिकल पोस्ट आहेत, तिथे ऑक्सिजन मिळतो, १०८ आणि ११२ फोनमध्ये सेव्ह करून ठेव, पण रेंज मिळेलच असं धरून चालू नको.

प्रश्न – सासूबाई ६७, बीपी आणि शुगर, इन्सुलिन चालू आहे. त्यांची फार इच्छा आहे म्हणून हेलिकॉप्टरने न्यायचं ठरवलंय, म्हणजे दगदग नाही. त्या सोमवारचा उपवास पण सोडत नाहीत. काय काळजी घेऊ? – इंदिरानगर

ताई, हेलिकॉप्टरने दगदग वाचते, उंची वाचत नाही. फाटा, सिरसी किंवा गुप्तकाशीहून काही मिनिटांत तुम्ही साडेतीन हजार मीटरवर उतरता, शरीराला कळायच्या आत. त्यातली चांगली बाजू अशी की उंचीचा त्रास साधारण सहा-बारा तासांनी सुरू होतो, त्यामुळे दर्शन घेऊन दोन-तीन तासांत परत उतरलात तर बहुतेक वेळा निभावतं. पण ढग आले की उड्डाणं बंद, आणि मग रात्र वर काढावी लागते, ही शक्यता धरूनच निघायचं, स्वेटर, औषधं, इन्सुलिन सगळं सोबत, हॉटेलवर ठेवायचं नाही. हृदयावरचा ताण मात्र उतरल्या क्षणापासून असतो, म्हणून निघायच्या महिनाभर आधी फिजिशियनला भेटा, ईसीजी वगैरे काय लागेल ते ते सांगतील, आणि त्यांनी नाही म्हटलं तर दुसरा डॉक्टर शोधत बसू नका.

इन्सुलिन गोठलं की वाया जातं, ते अंगाजवळच्या खिशात ठेवा. ग्लुकोमीटर पण थंडीत नीट चालत नाही, तोही उबेत ठेवा. औषधांचे दोन संच करा, एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. उपवासाचं सांगायचं तर त्या दिवसापुरता सोडायलाच लावा, इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी उंचावर नेणं फार धोक्याचं आहे, शुगर उतरली तर घाम, थरथर, गोंधळ, आणि हे उंचीचं की शुगरचं हे ओळखताच येत नाही. वाराचा प्रश्न असेल तर सोमवार टाळून बुकिंग करा म्हणजे वादच नको. पर्समध्ये ग्लुकोज आणि राजगिऱ्याचे लाडू असू द्या. बुकिंग फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवरून करा, फोन करून तिकीट देतो म्हणणाऱ्याला एक रुपया पाठवू नका, नाशिकमधल्याच माझ्या ओळखीच्या दोन घरांचे पैसे असे गेलेत.

प्रश्न – कापूर हुंगला की ऑक्सिजन वाढतो हे खरं का? आणि ऑक्सिजनचे छोटे कॅन किती न्यावेत?

कापराने नाकात गार वाटतं, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. पूजेसाठी न्या. कॅनमध्ये काही मिनिटं पुरेल एवढाच वायू असतो, तेवढ्याने बरं वाटून माणूस अजून वर चढतो हाच त्यातला धोका. त्या पैशात खाली एक रात्र जास्त राहा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही, पण थंड बोटावर ते चुकीचा आकडा दाखवतं, आणि धडधाकट माणसाचा आकडाही तिथे ९० च्या खाली जाऊ शकतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

प्रश्न – नाशिकमध्ये राहून तयारी नक्की कशी करायची? तीन महिने आहेत. – गंगापूर रोड

तीन महिने भरपूर आहेत, उद्यापासून सुरू केलं तर. एक लक्षात ठेवा, उंचीची सवय इथे होत नाही, कळसूबाईवरही नाही, इथे फक्त दम आणि पाय तयार होतात. पहिला महिना रोज पाऊण तास भरभर चालणं आणि आठवड्यातून दोनदा पांडवलेणीच्या पायऱ्या. वेग असा ठेवा की चढताना सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे, बोलता येत नसेल तर वेग कमी करा, हिमालयातही तोच वेग ठेवायचाय. दुसऱ्या महिन्यात रविवारी ब्रह्मगिरी किंवा अंजनेरी, पाठीवर पाच-सहा किलोची सॅक, आणि तिसऱ्या महिन्यात एकदा बारीवरून कळसूबाई आणि लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी परत दीड-दोन तास चालणं, दुखऱ्या पायांनी. हा दुसरा दिवस सगळे टाळतात आणि यात्रेत नेमका तोच येतो.

उतरायचा सराव वेगळा करा. मांड्या आणि गुडघे उतरताना जातात, म्हणून लिफ्ट सोडा, जिना उतरा, घरी खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा. बूट महिनाभर आधी घ्या आणि याच पायऱ्यांवर वापरून मऊ करा. माझ्याबरोबरच्या एका मावशींनी मेन रोडवरून आदल्या दिवशी नवे बूट घेतले होते, केदारनाथच्या वाटेवर भीमबलीला मोजे काढले तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी आणि टाचेचं सालटं मोज्यालाच चिकटून आलेलं. नखं कापून जा हेही त्यातच आलं.

थंडीचं म्हणाल तर निफाडची थंडी काढलीय असं सगळे सांगतात, पण निफाडला घाम येऊन मग भिजत नाही आपण. सुती बनियन घामाने ओला होतो आणि थांबलात की अंगावर बर्फ ठेवल्यासारखा लागतो. आतून लवकर वाळणारं कापड, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वरून पाऊस अडवणारं, असे तीन थर. पॉलिथिनच्या पिशवीत एक कोरडा जोड मोज्यांसकट, तो फक्त झोपायला.

प्रश्न – मुलांना शाळा आहे, मला जुलै-ऑगस्टमध्येच जमतं. गर्दी पण कमी असते म्हणे. जाऊ का?

नका जाऊ. आपल्याकडे इगतपुरीचा पाऊस बघायला जातो तसा हा पाऊस नाही. ३१ जुलै २०२४ ला रात्री भीमबलीजवळ ढगफुटी झाली, वाट तुटली आणि हजारो यात्रेकरू अडकले, कित्येकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. २०१३ चं तर सगळ्यांना आठवतं, १६-१७ जूनला केदारनाथच्या वरचं चोराबारी तळं फुटलं आणि वाटेवरचा रामबाडा होता की नव्हता झाला. रामबाड्यापासून पुढे आताची वाट मंदाकिनीच्या पलीकडच्या काठाने जाते ती त्यामुळेच, आणि १४ किलोमीटरचे १६ झाले तेही त्यामुळेच. दिवाळीच्या आधी, सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरमध्ये हवा स्वच्छ असते, थंडी जास्त. भाऊबीजेला देऊळ बंद होतं, तेवढं धरून ठरवा. आणि कुठल्याही महिन्यात परतीचं तिकीट एक दिवस मोकळा ठेवूनच काढा.

प्रश्न – गुडघ्यांमुळे खेचर घ्यावं लागेल, पण त्या प्राण्यांचे हाल बघवत नाहीत असं मुलगी म्हणते. काय करू?

मुलगी बरोबर बोलतेय आणि तुमची अडचणही खरी आहे. दोन्ही सांभाळता येतं. सरकारी प्रीपेड काउंटरवरूनच घ्या, आणि बसायच्या आधी दोन मिनिटं जनावराकडे बघा, खोगिराखाली पाठ सोललीय का, लंगडतंय का, मान टाकून उभं आहे का. तसं असेल तर सरळ दुसरं मागा. दिवसातली त्याची ही कितवी फेरी आहे ते विचारा. सामानाची बॅग आणि तुम्ही दोन्ही एकावर नको. मध्ये थांबाल तेव्हा चहा घ्यायच्या आधी त्याला पाणी मिळालं का बघा. तीव्र उतारावर उतरून चाललात तर त्याचेही गुडघे वाचतात. मालक बऱ्याचदा गावातला गरीब माणूस असतो, त्याच्याशी भांडू नका, त्याला चार पैसे जास्त द्या आणि हळू ने म्हणा. जे पायी जाणारेत त्यांनी खेचरं आली की डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही.

पोर्टर, पिट्ठू केलात तर त्याच्या पाठीवर किती किलो टाकताय ते घरी काट्यावर मोजून जा. आणि कचरा, बिस्किटाचे कागद, ओले वाइप्स, डायपर, पॅड, सगळं झिपच्या पिशवीत घालून खाली आणायचं. गोदावरीचं काय झालंय ते आपण रोज रामकुंडावर बघतो, मंदाकिनीला तरी तेच आपल्या हातून नको.

प्रश्न – मुलगा आजारातून उठला म्हणून केदारनाथचा नवस बोलले होते. तुमच्या लेखांत नेहमी परत फिरा असं असतं. अर्ध्यातून परत आले तर नवस मोडतो का हो?

ताई, हा प्रश्न मी तीनदा वाचला. शास्त्रातलं मला कळत नाही, तुमच्या गुरुजींना विचारा, पण जायच्या आधी विचारा, आणि असं विचारा की वाटेत शरीराने साथ सोडली तर काय करायचं. त्यांचं उत्तर मनात पक्कं असलं की वर गेल्यावर मुलाच्या नावाने तुम्ही स्वतःला ओढत नेणार नाही. घरातल्या एकाला अधिकार द्या की तो थांब म्हणाला की मी थांबेन, आणि हे मुलासमोर ठरवा.

माझ्या दादाचं दर्शन राहिलं ते राहिलंच. नंतर त्याच्या हृदयाचं निघालं आणि डॉक्टरांनी उंचावर जायला कायमची मनाई केली. तो दर सोमवारी पहाटेच्या एसटीने त्र्यंबकला जातो, तेही ज्योतिर्लिंगच आहे, आणि केदारनाथच्या त्या चहावाल्याला दर दिवाळीला फोन करतो. तुमचा नवस तुमच्या पायांनी पूर्ण होवो, पण दोन रात्री जास्त घेऊनच जा.

कैलासच्या प्रश्नांना या वेळी जागा पुरली नाही, परिक्रमेतली ‘डोल्मा ला’ ही खिंड ५,६३० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब निम्म्यावर येतो, ते दोन परिच्छेदांत सांगण्यासारखं नाही, पुढच्या अंकात सविस्तर घेऊ. तोपर्यंत ज्यांना सरकारी यात्रेला अर्ज करायचाय त्यांनी पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त आहे ना ते बघा, वय १८ ते ७० मध्ये बसतंय का बघा, आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या वर असेल तर तो आत्तापासून खाली आणायला घ्या, कारण दिल्लीतल्या मेडिकलला तिथूनच परत पाठवतात.